डब्यात डबा, आणि निरोपाची वाट

मुलांनो, आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या आईबाबांनो, या अंकात आम्ही वरच्या वर्गातली मुले संगणकाचा धडा घेऊन आलो आहोत. जमेल तिथे मराठी शब्द वापरले आहेत. प्रॉप आणि एमिट मात्र तसेच ठेवले, कारण प्रोग्राममध्ये तेच लिहावे लागतात.

वेबपाने बनवण्यासाठी जावास्क्रिप्टचे व्ह्यू नावाचे फ्रेमवर्क आहे. इव्हान यू यांनी ते २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात अख्खे पान एकदम लिहीत नाहीत; छोटे छोटे घटक करून एकात एक बसवतात, स्वयंपाकघरातल्या डब्यात डबा बसतो तसे. बाहेरचा घटक तो पालक (पालेभाजी नव्हे!), आतले ते मूल, त्याच्या आतले नातवंड.

समजा, दिवाळीच्या फराळाला किती ताटल्या लागतील ते मोजणारे पान करायचे आहे. सर्वांत बाहेर 'फराळ' हा घटक. सगळे आकडे त्याच्यापाशी. त्याच्या आत प्रत्येक वर्गासाठी एक 'वर्ग', आणि वर्गाच्या आत एकेक 'कुटुंब'. अधिक-उणेची बटणे कुटुंबात.

वरून खाली माहिती जाते ती प्रॉपने. फराळ वर्गाला यादी देतो, वर्ग कुटुंबाला त्याचा आकडा देतो. वर आकडा बदलला की खालचाही आपोआप बदलतो. पण मिळालेला प्रॉप मुलाने स्वतः बदलायचा नाही. बदलू गेल्यास व्ह्यू इशारा देते. हा नियम उगीच नाही. कुटुंबाने स्वतःपुरते ४ चे ५ केले आणि फराळाकडे ४ च राहिले, तर एकाच पानावर दोन उत्तरे, आणि वाढताना एक ताटली कमी!

यात एक पळवाट आहे. नुसत्या आकड्याऐवजी अख्खा ऑब्जेक्ट प्रॉप म्हणून दिला, तर त्याच्या आतली किंमत मूल बदलू शकते. ऑब्जेक्टची प्रत जात नाही, दोघांच्या हाती एकच वस्तू असते. बेरीज बरोबर येईलही, पण आकडा कोणी बदलला हे शोधताना नाकी नऊ येतात. आम्हाला विचाराल तर त्या वाटेला जाऊ नये.

मग खालून वर कसे कळवायचे? मुलाने निरोप धाडायचा, म्हणजे एमिट करायचे: 'एक ताटली वाढवा'. आकडा ज्याचा, तो बदलेल. इथेच खरी मेख आहे. ब्राउझरमधली साधी क्लिक बाहेरच्या चौकटींपर्यंत चढत जाते. घटकाचा निरोप तसा चढत नाही. तो फक्त थेट पालकाला ऐकू येतो. म्हणून वर्गाने कुटुंबाचा निरोप ऐकून फराळासाठी पुन्हा एमिट करायला हवे. वर्ग गप्प बसला, तर बटण दाबूनही आकडा जागचा हलत नाही.

घटक सहा-सात पातळ्या खोल असतील तर मधल्यांनी नुसती हमाली का करावी? त्यासाठी प्रोव्हाइड आणि इंजेक्ट आहेत. पूर्वजाने माहिती, आणि ती बदलण्याचे फंक्शनही, प्रोव्हाइड करावे. खालच्या कोणत्याही वंशजाने ते इंजेक्ट करून घ्यावे. मात्र मग कोण कोणावर अवलंबून आहे ते चटकन दिसत नाही. आपल्या तीन डब्यांना प्रॉप आणि एमिट पुरेत.

घरचा अभ्यास: कागदावर एकात एक चौकोन काढून बाण दाखवा. एक कुटुंब बालवर्गातून पहिलीत हलवायचे आहे. निरोप कोणापर्यंत पोचायला हवा, आणि दोन्ही वर्गांना बातमी कशी कळेल?