आधी ट्रियर, मग पॅरिस

जर्मनीत शिकायला गेलेल्या मुलामुलींच्या घरून महिन्याभरात विचारणा सुरू होते: पॅरिसला कधी जाणार? आयफेल टॉवरपुढचा फोटो आल्याशिवाय मावशी-काकूंना मूल युरोपात पोचल्यासारखं वाटत नाही. मग पहिल्याच सुट्टीत चार मित्र जमतात आणि दहा दिवसांत सात देशांचा बेत ठरतो. रात्री बस, दिवसा पायपीट, दुपारी बर्गर आणि परत आल्यावर आठवडाभर झोप. याला मी भोज्याला शिवून येणं म्हणतो. आईवडिलांना सहलकंपनीबरोबर असंच फिरावं लागतं, कारण त्यांच्याकडे बाराच दिवस असतात. तुमच्याकडे दोन वर्षं आहेत. तेव्हा फिरण्याचा क्रम उलटा करा: जवळचं आधी, लांबचं नंतर. हा लेख जर्मनीत मास्टर्सला जाणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे, कारण आपली मुलं तिकडे मोठ्या संख्येने जातात. कागदपत्रांचा आणि सुट्ट्यांचा बराचसा भाग शेजारच्या देशांतही उपयोगी पडेल.

पहिलं काम कागदांचं

जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा किंवा त्यानंतर मिळणारं निवास-परवान्याचं कार्ड हातात असेल, तर शेंगेन गटातल्या इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा न काढता फिरता येतं. या गटात आज २९ देश आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नसूनही गटात आहेत. आयर्लंड संघात आहे, पण गटात नाही. ब्रिटन दोन्हीकडे नाही. म्हणजे लंडन किंवा डब्लिनला जायचं तर निराळा व्हिसा, निराळी फी आणि निराळं वाट पाहणं. हे माहीत नसल्यामुळे स्वस्त विमानाचं तिकीट आधी काढून बसलेले लोक दरवर्षी भेटतात.

पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही मूळ स्वरूपात जवळ हवीत. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. 'युरोपात सीमाच नाहीत' हे अर्धसत्य आहे. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली, आणि रात्रीच्या बसमध्ये पोलीस चढले की आपल्या रंगाच्या माणसाकडे कागद हमखास मागितले जातात. चिडण्यात अर्थ नाही. कागद वरच्या कप्प्यात ठेवा.

व्हिसाची मुदत संपली, कार्ड अजून छापून आलं नाही, आणि मधल्या काळासाठी तात्पुरता कागद मिळाला, ही अवस्था बहुतेकांच्या वाट्याला येते. तेवढ्या कागदाच्या भरवशावर देशाबाहेर पडू नका. तुमच्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयाला ईमेल करा, उत्तर लेखी घ्या, मगच तिकीट काढा.

विम्याचं कार्डही उलटून बघा. सरकारी पद्धतीचा आरोग्य विमा असेल तर त्याच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्य विमा कार्ड छापलेलं असतं. फ्रान्स, इटली, स्पेनमध्ये आजारी पडलात तर तिथल्या सरकारी व्यवस्थेत ते चालतं. मात्र भारतीय पासपोर्टवर ते डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन आणि स्वित्झर्लंडमध्ये चालत नाही. आल्प्समध्ये बर्फावर घसरायचा बेत असेल तर काही युरोंचा प्रवास विमा आधी काढा. तातडीच्या मदतीचा ११२ हा क्रमांक सगळीकडे एकच आहे.

पहिलं सत्र तिकिटाच्या हद्दीत

बहुतेक विद्यापीठांच्या सत्र शुल्कातच देशभर चालणारं प्रवासाचं तिकीट असतं. मूळ 'डॉइचलांड तिकीट' मे २०२३ मध्ये महिना ४९ युरोंना सुरू झालं, २०२६ पासून ते ६३ युरो झालं आहे. विद्यार्थ्यांचं तिकीट त्याच्या ६० टक्के किमतीत पडतं. तुमच्या विद्यापीठात आहे का, हे प्रवेश घेतानाच विचारा. या तिकिटावर आरई, आरबी, एस-बान, ट्राम, सिटी बस सगळं चालतं. आयसीई, आयसी, ईसी या जलद गाड्या चालत नाहीत. चुकून बसलात तर 'मी विद्यार्थी आहे' हे टीसीला सांगून उपयोग नसतो. रेल्वेच्या ॲपमध्ये फक्त लोकल गाड्या दाखवा असा पर्याय आहे, तो कायमचा चालू करून ठेवा.

या तिकिटावरची माझी सगळ्यात आवडती सहल ट्रियरची. मोझेल नदीकाठचं हे गाव रोमनांनी वसवलं. त्यांची काळवंडलेली दगडी वेस, पोर्टा निग्रा, आजही भर बाजाराच्या तोंडाशी उभी आहे. कार्ल मार्क्स १८१८ मध्ये याच गावात जन्मला, आणि त्याच्या घरावरून बस पकडायला धावणारी शाळेची पोरं बघताना मजा वाटते. ट्रियरला हॉस्टेलमध्ये एक रात्र काढा. दुसऱ्या दिवशी नदीच्या काठाने पेर्लला जाणारी लोकल धरा. पेर्ल स्टेशनातून बाहेर पडून पूल ओलांडला की लक्झेंबर्ग लागतं, आणि समोरच्या गावाचं नाव शेंगेन. ज्याच्या व्हिसासाठी आपण फायली घेऊन रांगेत उभे राहिलो ते हे गाव. द्राक्षांचे मळे, एक छोटं संग्रहालय आणि नदीचा धक्का. १४ जून १९८५ रोजी 'प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड' नावाच्या बोटीवर पाच देशांनी इथे करार केला. तिथून पुढे लक्झेंबर्ग शहरापर्यंत एक छदाम लागत नाही, कारण या देशाने २०२० पासून बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना मोफत केला आहे. दोन देश पाहून झाले आणि प्रवासखर्च शून्य.

अशा आणखी जागा आहेत. ऑस्ट्रियाच्या साल्झबुर्ग स्टेशनापर्यंत हेच तिकीट चालतं. बासेल शहरातल्या जर्मन स्टेशनापर्यंतही चालतं. केलला उतरलात तर ऱ्हाइन ओलांडून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला जाणारी ट्राम मिळते, तिचं तिकीट तेवढं वेगळं काढायचं.

बर्लिनला गेलात तर ब्रांडेनबुर्ग दरवाजा सगळेच बघतात. तुम्ही एक सकाळ डालेमला द्या. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस मानववंशशास्त्र शिकायला ज्या संस्थेत आल्या, तिची इमारत इने श्ट्रासेवर आहे आणि आता तिथे फ्री विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग चालतो. त्यांचा मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कर्ता होता. बाईंनी कवट्या मोजल्या आणि त्याच्या सिद्धान्ताला पुरावा मिळत नाही असं प्रबंधात मांडलं. बसने जाताना एवढं माहीत असलं की साध्या इमारतीपुढेही पाय थांबतो.

दुसरं सत्र, लांबचा पल्ला

फिरायला खरा वेळ मिळतो तो दोन सत्रांमधल्या सुट्टीत. हिवाळी सत्राची व्याख्यानं फेब्रुवारीत संपतात, उन्हाळ्याची जुलैत. परीक्षांच्या तारखा विभागाच्या फलकावर लागल्याशिवाय कुठलंही परत न होणारं तिकीट काढू नका.

भारतातून येणाऱ्या पर्यटकाला युरेल पास मिळतो, पण तुम्ही आता युरोपचे रहिवासी आहात, म्हणून तुम्हाला इंटररेल घ्यावा लागतो. २७ वर्षांपर्यंत तो स्वस्त मिळतो. महिन्यातले चार, पाच किंवा सात प्रवासाचे दिवस निवडता येतात. स्वतःच्या देशात तो फक्त बाहेर पडायला एकदा आणि परतायला एकदा चालतो. फ्रान्स, स्पेन आणि इटलीच्या जलद गाड्यांना आरक्षणाचे पैसे वर भरावे लागतात, त्यामुळे तीनच शहरं बघायची असतील तर पासपेक्षा दीड-दोन महिने आधी काढलेली सुटी तिकिटं परवडतात. कागदावर बेरीज करून बघा. रेल्वेच्या तिकिटावर गाडी तासभर उशिरा पोचली तर किमतीच्या २५ टक्के आणि दोन तास उशिरा पोचली तर ५० टक्के परत मागता येतात. अर्ज करायला लाजू नका, जर्मन माणूसही करतो.

स्वस्त विमान कंपनी 'पॅरिस' म्हणते तेव्हा विमानतळ कोणता, ते वाचा. बोव्हे हे पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे आणि तिथली बस फुकट नाही.

संग्रहालयांत निवास कार्ड कामाला येतं. लूव्र संग्रहालयात युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्या २६ वर्षांखालच्या सगळ्यांना प्रवेश मोफत आहे, पासपोर्ट कुठलाही असो. वेळ आधी नोंदवा, कार्ड सोबत न्या आणि मंगळवारी जाऊ नका, त्या दिवशी ते बंद असतं. माद्रिदचं प्रादो शेवटचे दोन तास सगळ्यांना फुकट असतं. इटलीची सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत, व्हॅटिकनची शेवटच्या रविवारी. मात्र फुकटच्या दिवसाची रांग बघून कधी कधी पैसे भरलेले बरे वाटतात.

एका शहरात निदान तीन रात्री राहा. दुसऱ्या दिवशी त्याच बेकरीत गेलं की दुकानदारीण ओळखीचं हसते, आणि त्यानंतरच गाव थोडं उघडतं.

खाण्याचं

शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. काही ठिकाणी मासळी त्यात धरत नाहीत, सुपाचं पाणी हाडांचं असू शकतं. इटलीचं खरं पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या विकराने विरजतात, आणि रंगीत जेलीच्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन असतं. चालत असेल तर खा, पण माहीत असून खा. विद्यापीठाच्या खानावळीत, म्हणजे मेन्सात, मात्र शाकाहारी पदार्थ रोज असतो आणि विद्यार्थ्यांना तो बाहेरच्या निम्म्याहूनही कमी पैशांत पडतो.

प्रवासात चिवडा आणि भाजलेल्या रव्याचं उपमा मिक्स न्या, हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात गरम पाणी मिळतं. लोणचं आणि ओली चटणी विमानाच्या सुरक्षा तपासणीत द्रव पदार्थात मोजतात, म्हणून १०० मिलीवरची बाटली बऱ्याच विमानतळांवर तिथेच राहते. घरून निघताना आईला हेही सांगा की भारतातून येताना तूप, पेढे, बर्फी आणायला युरोपीय संघात मनाई आहे. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ कस्टमवाले काढून घेतात. लाडू द्यायचेच तर तेलातले किंवा गुळाचे.

जर्मनीत रविवारी किराण्याची दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली तेवढी उघडी. नाताळात २४ डिसेंबरला दुपारनंतर सगळं मिटतं ते थेट २७ ला उघडतं. तीन दिवसांची भाजी, दूध, ब्रेड आधी भरून ठेवा. रिकामी प्लास्टिकची बाटली कचऱ्यात टाकू नका, दुकानातल्या यंत्रात घातली की २५ सेंट परत मिळतात.

सण आणि शेजार

नाताळचे बाजार नोव्हेंबरअखेर सुरू होतात. ड्रेस्डेनचा १४३४ पासून भरतो. पण तुमच्या गावच्या चौकातला छोटा बाजार आधी बघा, तिथे वर्गातले लोक भेटतात. गरम वाइनच्या मगासाठी अनामत घेतात. दारू नको असेल तर मुलांसाठीचं फळांचं गरम पेय मागा, कोणी नाक मुरडत नाही.

कोलोनचा कार्निव्हल फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येतो. गुरुवारी बायका पुरुषांचे टाय कापतात, सोमवारी मिरवणुकीतून गोळ्या-चॉकलेटं उधळतात. वेष केल्याशिवाय जाऊ नका, साधी टोपी आणि गालाला रंगही पुरतो. गोळ्या हव्या असतील तर पिशवी उघडी धरून 'कामेले' ओरडायचं. जयजयकार 'आलाफ' असा करायचा. शेजारच्या ड्युसेलडोर्फचा 'हेलाऊ' कोलोनमध्ये उच्चारलात तर शिवाजी पार्कवर पुणेरी पाट्यांचं कौतुक केल्यासारखं होईल.

वाढदिवस आपला असेल तर केक आपणच न्यायचा. कोणाचा वाढदिवस उद्या असेल तर आज शुभेच्छा देऊ नका, ते अशुभ मानतात. जेवणाच्या बिलावर प्रत्येकाने आपलं देणं हा तिथे कंजूषपणा नाही. रात्री दहानंतर शेजाऱ्याला आवाज गेला तर तक्रार येते, गणपतीची आरतीसुद्धा त्याला अपवाद नाही. म्युनिकसारख्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, आरती तिथे मोकळेपणाने म्हणता येते. जाताना एखाद्या जर्मन मित्राला घेऊन जा.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. स्वस्तिक दारावर, लॅपटॉपवर किंवा टीशर्टवर लावू नका. नाझी चिन्हांचं जाहीर प्रदर्शन हा जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे. आपल्या धर्मचिन्हाचा रोख तिकडे नाही, पण रस्त्यावरच्या माणसाला फरक कळत नाही, आणि त्याने का कळून घ्यावा, हाही प्रश्न आहे. देवघरातलं आत राहू द्या. जुन्या वस्तीतल्या फुटपाथवर नाझींच्या बळींच्या आठवणीची तळहाताएवढी पितळी फरशी दिसली तर वाका. 'येथे राहत होते' अशी सुरुवात, खाली नाव, जन्मसाल, कुठे नेलं आणि कधी मारलं. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९२ मध्ये सुरू केलेलं हे काम आता लाखाच्या वर फरशांपर्यंत गेलं आहे. म्युनिकजवळच्या डाखाऊ छळछावणीला प्रवेश मोफत आहे. तिथे सेल्फी काढू नका, आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

शेवटच्या सत्रात प्रबंध, नोकरीचे अर्ज आणि घरभाडं हे सगळं एकदम अंगावर येतं, आणि विद्यार्थी तिकीट नावनोंदणी असेपर्यंतच चालतं. जे फिरायचं ते पहिल्या तीन सत्रांतल्या शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत उरका.