राजाचे रथ आणि बाबांचा चेतक : जरावग्ग, गाथा १५१



काल हाडांच्या नगराची गाथा झाली, तेव्हा घरातूनच तक्रार आली की सकाळी सकाळी चहाबरोबर हे असलं वाचवत नाही. पण जरावग्ग म्हटला की ते येणारच. अकरा गाथांचा हा वग्ग म्हातारपणावरच आहे. आज त्यातली सहावी गाथा, म्हणजे धम्मपदाची १५१ वी. ही जरा सोपी आहे असं मला रविवारपर्यंत वाटत होतं.

आधी अर्थ, माझ्या शब्दांत. राजाचे रंगवलेले, सजवलेले रथसुद्धा जुने होऊन मोडकळीला येतात, आणि शरीराचंही तेच होतं. पण सज्जनांचा धम्म मात्र म्हातारा होत नाही, कारण सज्जन तो सज्जनांना सांगत राहतात.

पालीतलं पहिलं क्रियापद 'जीरन्ति' बघा. आपलं जरा, जीर्ण आणि जिरणं हे सगळं त्याच घरचं. मराठीत जिरणं म्हणजे नुसतं झिजणं नाही. अन्न जिरतं, पाणी जमिनीत जिरतं, एखाद्याची मस्तीही जिरते. वरून दिसेनासं होतं, पण आत कुठेतरी असतं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता कथा. परंपरेने बुद्धघोषांच्या नावावर असलेल्या अट्ठकथेत ही गाथा कोसलचा राजा पसेनदी याला सांगितली आहे. त्याची राणी मल्लिका वारली. राजाला एकच विचारायचं होतं, ती आता कुठे आहे? तो रोज तथागतांकडे यायचा आणि रोज विचारायचं विसरून परत जायचा. असे सात दिवस गेले. अट्ठकथा सांगते की मल्लिकेच्या हातून एक चूक झाली होती, ती तिने राजापासून लपवली होती आणि मरताना तेच मनात आलं. त्यामुळे सात दिवस ती वाईट गतीत होती आणि मग तुषित लोकात गेली. खरं उत्तर दिलं असतं तर राजा कोलमडला असता, म्हणून तथागतांनीच त्याला विसरायला लावलं. आठव्या दिवशी ते स्वतः भिक्षेच्या निमित्ताने राजवाड्यावर गेले. राजा आत न्यायला आला, पण ते आत गेले नाहीत. रथशाळेत बसले.

बाबासाहेबांच्या वाटेने धम्मात आलेल्या आपल्या लोकांना ते तुषित वगैरे अडतं. मलाही अडतं, आणि मी तिथे फार थांबत नाही. मला थांबवते ती रथशाळा. राजवाड्यात बसायला जागा काय कमी होती? पण ते गाड्या ठेवायच्या जागी बसले. राजाने तिथे विचारलं, उत्तर मिळालं, आणि मग तो म्हणाला की ती गेल्यापासून मला काय करावं तेच समजत नाही. यावर तथागतांनी 'रडू नको' असं म्हटलं नाही. त्यांनी रथांकडे बघून विचारलं, हा कोणाचा? आजोबांचा. आणि हा? वडिलांचा. आणि हा? माझा. तिन्ही तिथेच उभे होते. मग गाथा.

हा पसेनदी कथेतलाच नाही, दगडातही आहे. भरहुतच्या स्तूपावर चार घोड्यांच्या रथात बसलेला हा राजा कोरलेला आहे, शेजारी त्याचं नावही आहे. रथ कधीच मातीला मिळाला, त्याचं चित्र राहिलं.

तर रविवार. नागपुरात जुन्या गाड्यांचे मेळावे अधूनमधून भरतात. एका मित्राने कळवलं आणि आम्ही लाखनीहून निघालो. बायको, सात वर्षांची लेक, बाबा आणि मी. खरं सांगायचं तर तो बाबांना घराबाहेर काढायचा बहाणा होता. आई जाऊन चौदा महिने झाले. बाबा रडले नाहीत, बोललेही नाहीत. जेवतात, वंदनेला बसतात, पेपर वाचतात. आईचा विषय निघाला की उठून बाहेर जातात. 'त्यांनी जिरवलं सगळं,' असं आत्या म्हणते.

आणखी एक गोष्ट होती, ती सांगताना लाज वाटते. आमच्या परसातल्या शेडमध्ये बाबांचा चेतक उभा आहे. आरसी केव्हाच संपली, टायर बसले, सहा वर्षांत सुरू केलेला नाही. जागा अडते म्हणून मी मागच्या महिन्यात भंगारवाल्याशी बोललो होतो. त्याने भावही सांगितला. बाबांना मी विचारलं नव्हतं, फक्त एकदा जेवताना 'तो चेतक काढून टाकू का?' एवढं म्हणालो. ते ताटावरून उठले. आमच्यात तेवढंच झालं, पण दोन आठवडे घर गढूळ होतं.

मेळाव्यात लेक आधी पळाली ती काळ्या-पिवळ्या फियाटकडे. फियाट म्हणजे आपली प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. मुंबईत जिच्यात बसायला पैसे पडायचे, तिच्याबरोबर इथे लोक फोटो काढत होते. शेजारी अँबेसेडर होत्या. ती गाडी २०१४ पर्यंत बनत होती, म्हणजे मी नोकरीला लागलो तेव्हाही नवी मिळत होती. आणि आज मैदानात दोरी बांधून ठेवलेली! पुढे एक ऑस्टिन ए-४० होती. तिथे बाबा थांबले आणि दिवसातलं पहिलं पूर्ण वाक्य बोलले. "आपली कंपनी आधी ह्याच जोडे." बाबांनी गडेगावच्या अशोक लेलँडमध्ये गिअरबॉक्स जोडण्यात आयुष्य काढलं. १९४८ साली ही कंपनी अशोक मोटर्स या नावाने सुरू झाली तेव्हा मद्रासजवळ एन्नोरला ऑस्टिन गाड्या जोडायची. मी इंजिनिअर, पण मला हे माहीत नव्हतं.

एका मालकाने मला नियम समजावला. २०२१ पासून केंद्राच्या नियमात पन्नास वर्षांहून जुनी खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिच्या नंबरात व्हीए अक्षरं येतात. रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांसाठीच काढायची. आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं हवं, मोठा फेरफार चालत नाही. बायको हळूच म्हणाली, "मग बाबांचीही नोंद करून घेऊ. पन्नासच्या वर आहेत आणि सगळं ओरिजिनल आहे." बाबांनी ऐकलं. हसले. मी तारीख लिहून ठेवायला हवी होती.

मूळचं म्हणजे काय, यावर तिथे दोघांचा चांगलाच वाद चालला होता. एकाने गाडी पूर्ण उघडून, पत्रा घासून, नवा रंग, नवं क्रोम, नव्या सीट असं सगळं केलं होतं. दुसऱ्याची गाडी डागांसकट, तडकलेल्या रंगासकट होती. पहिला म्हणत होता, कारखान्यातून निघाली तशी मी केली. दुसरा म्हणत होता, कारखान्यातून निघाल्यावर जे झालं ते तू पुसलंस. मला मिलिंदपञ्ह आठवला. ग्रीक राजा मिलिंद नागसेनांना विचारतो आणि नागसेन उलट विचारतात, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे आस का, चाकं का, दांडा का? एकही नाही. सगळं एकत्र आलं की त्याला रथ हे नाव पडतं, एवढंच. आमच्या धंद्यातही हेच आहे. दहा वर्षं चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवशीची एक ओळ उरलेली नसते, तरी नाव तेच असतं. मी हे बायकोला रंगून सांगत होतो आणि मागे वळून बघतो तर बाबा नाहीत.

ते स्कूटरच्या रांगेत होते. निळा चेतक, आरशासारखा चकचकीत. मालक माझ्याच वयाचा. बाबा त्याच्याशी बोलत होते, आणि हात हलवून बोलत होते. मी मागे उभा राहिलो.

"ब्याण्णवची होय माई. हिच्यावरच तर हिले साकोलीले नेई मी, परीक्षेले. लग्न झालं तवा नववी होती तिची. मी म्हटलं, दहावी कर. ती म्हने, पोरगं दोन वर्साचं, लोक काय म्हनतीन. मी म्हटलं, पोराले पुढं उभं करू. मंग काय, पोरगं पुढं, हे मागं, हातात पुस्तक. रस्ताभर मोठ्यानं पाठ करे. मले बी इतिहास पाठ झाला होता."

तो मालक हसला. बाबाही हसले आणि मग डोळे पुसायला लागले. त्या अनोळखी पोराने त्यांना स्कूटरच्या सीटवर बसवलं. मी पुढे गेलो नाही. मला वाटलं मी गेलो तर ते थांबतील.

आई दहावी होती एवढं मला माहीत होतं. लग्नाआधी झाली असेल असं मी धरून चाललो होतो. आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात, आणि मला कळायला लागल्यापासून तो आईच वाचायची. ठणठणीत आवाज, एक शब्द अडायचा नाही. धम्मपदाची ही रोज एक गाथा लिहायची सवयही तिचीच, ती वहीत लिहायची. तिला हे येतच असणार, जन्मतःच, असं मी समजत होतो. पुढे उभा राहणारा तो पोरगा मीच, आणि मला त्यातलं काहीसुद्धा आठवत नाही.

परतताना वैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा मी बोललो. भंगारवाल्याचं सगळं खरं खरं सांगून टाकलं. मग उत्साहाने म्हणालो, "बाबा, आपण चेतक पूर्ण करू. तसाच निळा. इंजिन उघडू, सीट नवी टाकू, मी एकाचा नंबर घेतला आहे." मेळाव्यात बघून आलेला माणूस असाच बोलतो.

बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "सीट कायले बदलतं?"

मी गप्प.

"भंगारात बी नको अन् नवा बी नको. चालू कर फक्त. पेट्रोल सडलं असन टाकीत."

ही गाथा मी किती वेळा वाचली असेन. दर वेळी मी तिचे दोन तुकडे करायचो. रथ आणि शरीर टाकाऊ, धम्म तेवढा टिकाऊ. मग टाकाऊ ते टाकून द्यायला मोकळा. पण तथागतांनी पसेनदीचे जुने रथ शाळेतून काढायला सांगितलेले नाहीत. ते त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि हा कोणाचा, हा कोणाचा असं विचारलं. आजोबांचं नाव राजाच्या तोंडून निघालं, वडिलांचं निघालं. मी बाबांना चौदा महिन्यांत असा एकही प्रश्न विचारला नव्हता. 'काढून टाकू का' हा काही प्रश्न नाही. नागसेनांचा रथ सुटा करणारा प्रश्नही मोठाच आहे, पण तो वाद घालायला आलेल्या राजासाठी आहे. बायको गेलेल्या राजाला वेगळा प्रश्न लागतो.

आणि गाथेचा शेवटचा भाग, सज्जनांनी सज्जनांना सांगण्याचा. तो मी व्यासपीठावरचं प्रवचन म्हणून वाचायचो. लाखनी ते साकोली रस्त्यावर मोठ्याने पाठ केलेला इतिहास त्यात बसतो का, ते तुम्ही बघा. मला बसतो असं वाटतं.

सोमवारी सुट्टी टाकली. टाकी रिकामी केली, आतून गंज निघाला. कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, हवा भरली. पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं ते बाबांनी मोजूनही पाहिलं नाही, हातानेच टाकलं. स्कूटर तिरपी करून परत सरळ केली आणि मला म्हणाले, मार. त्यांचा गुडघा आता किक मारू देत नाही. मी मारत गेलो. लेक मोजत होती. तेविसाव्या किकला फटफट करून धूर निघाला आणि सगळी शेड निळी झाली. बाबा इंजिनजवळ कान नेऊन उभे राहिले, त्यांच्या जुन्या सवयीने, आणि म्हणाले, "दुसऱ्या गिअरची तार ढिली हाय." मग बंद करायला लावली, पेट्रोल वाया जातं म्हणून.

संध्याकाळी जेवताना लेकीने विचारलं, आजी इतिहासात पास झाली होती का? बाबांनी मार्क सांगितले. सगळ्या विषयांचे.

उद्या गाथा १५२. तिच्यात बैल येतो. नुसतं अंग वाढलं आणि समज वाढली नाही, अशा माणसाची ती गाथा आहे, तेव्हा मी जरा घाबरतच लिहीन.