कमावता नव्हता म्हणे!

साताऱ्यात वाढे फाट्याजवळ मागून आलेल्या मोटारीने दुचाकी उडवली, तेव्हा प्रस्तुत लेखकाचा भाचा तिघांत सर्वांत मागे बसला होता. घर सांगलीत, कॉलेज साताऱ्यात, इंजिनिअरिंगचे शेवटचे वर्ष. उजव्या मनगटात प्लेट बसली. मूठ आजही पुरती मिटत नाही.

विमा कंपनीचा माणूस वॉर्डातच भेटायला आला. शहाळी आणली, मुलाच्या आईला ‘काकू’ म्हणाला. तडजोडीने भागवू, कशाला कोर्टकचेरी, हेच पालुपद. वर केस साताऱ्यातच चालणार, हेलपाटे झेपतील का, हेही त्यानेच विचारले. साफ खोटे! मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 प्रमाणे जखमी माणूस जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दावा लावता येतो. साताऱ्यातल्या अपघाताचा दावा सांगलीत चालतो.

तो दिवस का ढकलत होता, तेही उमगले. 1 एप्रिल 2022 पासून असा दावा अपघातानंतर सहा महिन्यांत दाखल करायचा असतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कुणीही राहू नये.

दावा दाखल झाला आणि कंपनीची कैफियत हाती आली. ट्रिपल सीट होते, म्हणजे चूक त्यांचीच, हे पहिले म्हणणे. दुसरे असे, की अर्जदार विद्यार्थी असून कमावता नव्हता, सबब उत्पन्नाचे नुकसान नाही. त्या ओळीवर बोट ठेवून मुलाची आई ती पुन्हापुन्हा वाचत राहिली. चार वर्षांची फी, मेस, खोलीभाडे, त्यापायी काढलेले कर्ज, सगळे शून्य! शहाळी आणणारा तो गृहस्थ कोर्टाच्या व्हरांड्यात समोरून गेला, ओळखही दाखवली नाही.

कंपनीला कायदा ठाऊक नसतो असे नाही. तिघे बसले एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही. त्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच सांगितले आहे. मेस्रा इथल्या बिर्ला इन्स्टिट्यूटमध्ये शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाचा उजवा हात 1993 च्या अपघातात गेला. तो पुढे काय कमावू शकला असता हे धरून 2010 मध्ये त्याच न्यायालयाने भरपाई वाढवली.

म्हणून गुणपत्रके, बोनाफाइड, कॅम्पस इंटरव्ह्यूचे पत्र, सगळे दाव्याला जोडा. अपंगत्वाच्या दाखल्यावरचे टक्के हा शेवटचा शब्द नव्हे. त्या हाताने नेमके कोणते काम होत नाही, हे डॉक्टरांच्या साक्षीत आलेच पाहिजे. कमाईची क्षमता किती घटली, ते त्यावरून ठरते. स्पॉट पंचनामा आणि एफआयआरच्या नकला लगेच घ्या. औषधांची बिले जपून ठेवा, तीही झेरॉक्स काढून, कारण छपाई उडून जाते. मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून भरपाईतून तेवढे वजा करता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा 2025 चा तसा निकाल आहे. भरपाईत टक्केवारी मागणाऱ्या वकिलाला लांबूनच नमस्कार करा, बार कौन्सिलच्या नियमांत अशा फीला मनाई आहे.

आणि लोकअदालतीत घाईने सही करू नका. मागचापुढचा दवाखान्याचा खर्च, प्लेट काढण्याचे दुसरे ऑपरेशन, बुडालेले वर्ष, सगळे त्या आकड्यात धरले आहे का, ते वकिलाकडून लिहून घ्या. तिथल्या निवाड्यावर अपील नसते.