बाळंतिणीच्या डोळ्यात बुरशी आली कुठून?

प्रश्न : माझ्या भाचेसुनेचं सिझेरियन झालं. काही आठवड्यांनी तिला एका डोळ्यानं धुरकट दिसू लागलं, काळे ठिपके तरंगू लागले. डॉक्टर म्हणतात, डोळ्याच्या आत बुरशी आहे. ती तर घराबाहेरही पडली नव्हती! सासूबाई मोबाइलला दोष देतात.

उत्तर : मोबाइलवर बरेच आरोप होतात, पण या प्रकरणात तो निर्दोष आहे. ओल्या अंगाला वारं लागूनही असं होत नाही.

ही बुरशी बाहेरून डोळ्यात पडत नाही, रक्तातून येते. कॅन्डिडा नावाची बुरशी आपल्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर एरवीही असते. बाळंतपणात सलाईनची सुई बरेच दिवस राहिली, गर्भाशयात जंतुसंसर्ग झाला किंवा अँटिबायोटिक्स लांबली, तर तिला रक्तात शिरायची संधी मिळते. दूषित सलाईनमधून बुरशी गेल्याची उदाहरणंही भारतात नोंदली गेली आहेत. डोळ्याच्या पडद्यामागचा थर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला असतो. बुरशी तिथे अडकते, पडद्यात शिरते आणि मग डोळ्यातल्या जेलमध्ये कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागतात. हे सगळं सावकाश चालतं. ताप कधीच उतरलेला असतो, डोळा फारसा दुखतही नाही. त्यामुळे बाळंतपणाशी कुणी संबंध जोडत नाही.

खरी फसगत इथेच होते. वरवर ही नुसती सूज वाटते आणि स्टेरॉइड सुरू होतं. अँटिफंगल औषधाविना दिलेलं स्टेरॉइड बुरशीच्या पथ्यावरच पडतं. म्हणून अलीकडे बाळंतपण झालं, सलाईन लागलं, ताप आला होता, हे नेत्रतज्ज्ञांना न विचारताही सांगावं. ते बाहुली मोठी करून पडदा तपासतात. खात्रीसाठी जेलचा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कल्चरला लावतात. रक्ताचं कल्चरही करतात, मात्र तोवर रक्त स्वच्छ झालेलं असू शकतं.

नेहमीचे थेंब इतक्या आत पोहोचत नाहीत. म्हणून जेलमध्येच ॲम्फोटेरिसिन किंवा व्होरिकोनॅझोलचं इंजेक्शन देतात. व्होरिकोनॅझोलची मात्रा सहसा फक्त 100 मायक्रोग्रॅम! पुंजके जास्त असतील तर विट्रेक्टमी, म्हणजे जेल काढण्याची शस्त्रक्रिया, करतात. सोबत गोळ्या साधारण 4 ते 6 आठवडे. बरं वाटलं म्हणून त्या मध्येच सोडायच्या नाहीत. नजर किती परत येईल, हे पडद्याच्या मधल्या भागाला किती इजा झाली त्यावर ठरतं.

या गोळ्यांपैकी फ्लुकोनॅझोल चालू असताना अंगावर पाजायला सहसा हरकत नसते. व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या असतील तर पाजणं थांबवायला सांगतात. तेव्हा गोळीचं नाव बाळाच्या डॉक्टरांनाही कळवा.