ॲपला डार्क मोड हवा? आधी रंग मोजून घ्या

एकाच वेब ॲपला डार्क मोड लावून देण्यासाठी तिघांकडून दर मागवले, तर पंधरा हजार, ऐंशी हजार आणि दोन लाख असे तीन आकडे हाती पडू शकतात. मालकाला वाटते, यातला एक अडाणी आहे आणि एक लुटारू. पण तिघांनी मुळात तीन वेगळी कामे गृहीत धरलेली असतात. पहिला वरून काळा थर चढवून मोकळा होणार आहे. दुसरा एकेक स्क्रीन उघडून रंग बसवणार आहे. तिसऱ्याने तुमचा कोड पाहिलेलाच नाही, म्हणून वाईटात वाईट धरून आकडा फुगवला आहे.

घराला रंग देताना मजुरी डब्यावर ठरत नाही, भिंत किती खरवडायची आणि लांबी किती भरायची यावर ठरते. इथेही तसेच आहे. नीट लिहिलेल्या ॲपमध्ये सगळे रंग एका जागी, कामाच्या नावाने नोंदवलेले असतात: पार्श्वभूमी, मजकूर, रेघ, इशारा. बाकीचा कोड फक्त नाव घेतो. अशा ॲपला डार्क मोड द्यायचा म्हणजे त्याच नावांसमोर रंगांची दुसरी यादी लिहायची. उलट घाईत वाढलेल्या ॲपमध्ये रंगांचे आकडे शेकडो ओळींत थेट लिहिलेले असतात आणि एकाच राखाडीच्या आठ-दहा छटा नांदत असतात. त्या सगळ्या शोधून एका यादीत आणणे हे खरे काम. काळा रंग त्यानंतर जवळजवळ फुकट पडतो.

म्हणून कुणाकडूनही दर मागण्याआधी दोन आकडे काढून घ्या. रंग थेट लिहिलेला आहे अशा जागा एकूण किती, आणि त्यांत वेगवेगळे रंग किती? तुमचा नेहमीचा डेव्हलपर फाइलींमध्ये शोध चालवून हे तास-दीड तासात सांगू शकतो. माझा ठोकताळा असा: जागा दोनशेच्या आत असतील तर काम हलके, हजार-दोन हजारांच्या घरात गेल्या तर डार्क मोडच्या नावाखाली तुम्ही खरे तर जुन्या कोडची डागडुजी करून घेत आहात. ती वाईट नाही. फक्त ती डागडुजी आहे हे दोघांनाही माहीत असावे. या मोजणीत एक पळवाट राहते. आलेखांचे रंग जावास्क्रिप्टमध्ये आणि काही रंग थेट सर्व्हरवरून येणाऱ्या मजकुरात दडलेले असतात. शोध तिथेही चालवायला सांगा.

पण मुळात हवा कशाला? २०१८मध्ये ॲपलच्या मॅकओएस मोहावेत आणि २०१९मध्ये आयओएस १३ व अँड्रॉइड १० मध्ये डार्क मोड आला. त्याच वर्षी सफारी, फायरफॉक्स आणि क्रोममध्ये, वापरणाऱ्याने फोनवर कोणता मोड ठेवला आहे हे वेबसाइटला कळण्याची सोयही झाली. तेव्हापासून रात्री फोन काळा ठेवणाऱ्याला तुमचे पांढरेफेक ॲप डोळ्यात खुपते. रात्री वापरले जाणारे ॲप असेल तर एवढे कारण पुरे आहे.

बॅटरी वाचते हे कारण मात्र जपून ऐका. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१च्या अभ्यासात ओएलईडी पडद्याच्या फोनांवर ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना डार्क मोडमुळे सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचली. पूर्ण ब्राइटनेसवर ती बचत ३९ ते ४७ टक्क्यांवर गेली. स्वस्त फोनांतल्या एलसीडी पडद्यांना हे लागूच नाही, कारण त्यांचा मागचा दिवा काळ्या रंगामागेही जळतच असतो. डोळ्यांचेही सरसकट नाही. चष्म्यात सिलिंडरचा नंबर असलेल्या अनेकांना काळ्यावरची पांढरी अक्षरे पसरल्यासारखी दिसतात. म्हणून जुना उजेडी मोड काढून टाकू नका. लाइट, डार्क आणि ‘फोनप्रमाणे’ असे तीन पर्याय द्या.

उदाहरणासाठी एक पतसंस्था घेऊ. पिग्मी एजंट भर दुपारी बाजारपेठेत फोनवर भरणा नोंदवतो. कॅशियर ट्यूबलाइटखाली दिवसभर संगणकावर असतो. सभासद रात्री जेवणानंतर घरी खातेउतारा पाहतात. यांत डार्क मोडचा खरा उपयोग सभासदांना आहे. उन्हात काळा पडदा आरशासारखा होतो, तेव्हा एजंटला तो देऊन काही मिळत नाही. यातच पहिली बचत आहे: सभासदांच्या बारा-पंधरा स्क्रीनना डार्क मोड द्या, व्यवस्थापनाच्या सगळ्या स्क्रीनना नाही. एकदम सगळे ॲप करून घ्यायचा हट्ट बहुधा विक्रेत्याचा असतो.

तरी पूर्ण ॲपचा हिशेब मांडून पाहू. चाळीसेक स्क्रीन, जुना पण चालता कोड, ताशी ८०० रुपये दर धरला. तुमच्या गावातला दर यापेक्षा कमी-जास्त असेल, तो आकडा घालून गुणाकार करा. रंग शोधणे आणि मोजणे ६ तास. ते एका यादीत आणून प्रत्येक जागी नाव बसवणे ३० तास. दुसरी यादी, म्हणजे गडद रंग ठरवणे आणि वाचता येतात का ते तपासणे १६. मोड बदलायचे बटण आणि ती निवड लक्षात ठेवणे ८. आलेख, लोगो, चिन्हे १२. प्रत्येक स्क्रीन दोन्ही मोडमध्ये, दोन-तीन फोनांवर तपासणे २४. एकूण ९६ तास, ७६,८०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १३,८२४. सगळे मिळून ९०,६२४. तास हा माझा अंदाज आहे, पण कामाची वाटणी साधारण अशीच पडते. सर्वांत मोठा वाटा रंग गोळा करण्याचा, त्याखालोखाल तपासणीचा. ज्याच्या दरपत्रकात तपासणीची ओळच नाही, तो ती तुमच्या सभासदांकडून करून घेणार आहे.

रंग आधीच एका यादीत असतील तर हेच काम सुमारे दोन तृतीयांशावर येते. ॲप बूटस्ट्रॅप या रंगरूपाच्या तयार संचावर असेल तर आवृत्ती विचारा. २०२३मध्ये आलेल्या ५.३ मध्ये दोन्ही मोडची सोय तयार आहे. टेलविंड या दुसऱ्या संचातही गडद मोडसाठी वेगळे वर्ग लिहिता येतात. आवृत्ती फार जुनी असेल तर ती बदलणे हे स्वतंत्र काम आहे. त्याचा दर स्वतंत्र मागा, डार्क मोडच्या पोटात लपवू देऊ नका.

आता त्या पंधरा हजारांच्या दराकडे. त्यामागे बहुतेकदा सीएसएसची, म्हणजे पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या कोडची, एक युक्ती असते: सगळे पान उलटे करायचे, पांढऱ्याचे काळे आणि काळ्याचे पांढरे. दोन ओळींचे काम आहे आणि नमुना दाखवताना छान दिसते. मग सभासदाचा फोटो उघडला की फिल्मच्या निगेटिव्हसारखा चेहरा समोर येतो. फोटो वगळायचे म्हटले की अपवादांची रांग लागते: सहीचा नमुना, आधारची प्रत, संस्थेचे बोधचिन्ह. यूपीआयचा क्यूआर कोड उलटा झाला तर काही स्कॅनर तो वाचत नाहीत. क्यूआर नेहमी पांढऱ्या चौकटीत, भोवती पांढरी मोकळी जागा ठेवूनच दिसला पाहिजे, मोड कोणताही असो. स्कॅन केलेल्या सहीचेही तेच. तिला पांढरे कार्ड द्या आणि विषय संपवा.

रंग ठरवणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: काँट्रास्ट कशाने मोजलात? डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी काँट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. तपासायची साधने ब्राउझरमध्येच फुकट आहेत. शुद्ध निळा रंग पांढऱ्यावर ८.६ ला १ म्हणजे उत्तम दिसतो, पण काळ्यावर तोच २.४ पर्यंत घसरतो. लिंकचे निळे आणि थकबाकीचे गडद लाल जसेच्या तसे ठेवले, तर डार्क मोडमध्ये नेमकी थकबाकीच दिसेनाशी होते. काही कर्जदारांना ते आवडेल, लेखापरीक्षकाला नाही. या रंगांच्या फिक्या छटा वेगळ्या निवडाव्या लागतात. पार्श्वभूमीही ठार काळी न घेता खूप गडद राखाडी घ्यावी. गूगलच्या मटेरियल डिझाइनने हीच शिफारस केली होती, कारण ठार काळ्यावर एक कार्ड दुसऱ्यापेक्षा वर आहे हे सावलीने दाखवता येत नाही.

मराठी ॲपला आणखी एक तपासणी लागते आणि ती तयार संचांत धरलेली नसते. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आहेत त्यापेक्षा जाड भासतात. इंग्रजीत त्याने फारसे बिघडत नाही. देवनागरीत ‘क्ष्म’, ‘ष्ट्र’, ‘द्ध’ अशा जोडाक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजतात, आणि लहान आकारात अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. उपाय दोन: पांढऱ्याऐवजी किंचित मळका पांढरा वापरा आणि फॉन्टचे वजन एक पायरी कमी करून पाहा. मुक्तासारख्या फॉन्टमध्ये सात वजने आहेत, त्यामुळे निवडीला वाव असतो. ही तपासणी ‘सभासदत्व’ किंवा ‘उद्दिष्ट’ (‘उद्धिष्ट’ नव्हे) अशा तुमच्याच पानांवरच्या खऱ्या शब्दांनी करा. शुद्धलेखनाच्या चुकाही तेव्हाच सापडतात, हा वरकड फायदा.

पान उघडताना क्षणभर पांढरा झोत येऊन मग काळे झाले, तर काम अर्धवट आहे असे समजा. रात्री अंधारात तो झोत डार्क मोड नसण्यापेक्षा जास्त त्रास देतो. कारण साधे आहे: वापरणाऱ्याची निवड ब्राउझरमध्ये साठवलेली असते आणि ती वाचण्याआधीच पान रंगवले जाते. पानाच्या अगदी सुरुवातीला छोटी स्क्रिप्ट टाकून हे थांबते. त्यासाठी जादा पैसे मागितले तर देऊ नका.

छपाई ही हमखास विसरली जाणारी जागा. डार्क मोडमध्ये असताना कुणी पावती किंवा खातेउतारा छापला, तर छापील पान पांढरेच निघाले पाहिजे. नाहीतर फिक्या अक्षरांचा कोरा दिसणारा कागद तरी येतो किंवा टोनर तरी संपतो. पीडीएफलाही हाच नियम. पैसे भरण्याचे पान दुसऱ्या कंपनीचे असेल तर त्याचे रंग तुमच्या डेव्हलपरच्या हातात नसतात. तिथे पांढरे पान येणारच, त्यावरून बिल अडवू नका.

जुन्या फोनांचा विचार करारात आणा. २०२४पासून प्रमुख ब्राउझरांत दोन्ही मोडचे रंग एकाच ओळीत लिहिता येणारे सीएसएस फंक्शन आले आहे. डेव्हलपरला ते सोयीचे, पण अद्ययावत न केलेल्या ब्राउझरवर ते चालत नाही. तुमचे सभासद कोणते फोन वापरतात हे तुम्हाला ठाऊक असते, त्याला नसते.

दरपत्रकात न दिसणारा खर्च पुढे चालू राहतो. यापुढची प्रत्येक नवी स्क्रीन, प्रत्येक बदल दोन्ही मोडमध्ये बघावा लागेल. वार्षिक देखभालीचा करार असेल तर हे काम त्यात धरले आहे का, ते आत्ताच विचारा. नसेल तर वर्षभराने अर्धे ॲप काळे आणि नव्या स्क्रीन पांढऱ्या अशी अवस्था होते.

करारात स्क्रीनची यादी नावानिशी जोडा. ‘संपूर्ण ॲप’ या शब्दांवर सही करू नका. पैसे तीन हप्त्यांत द्या: रंगांची यादी तयार झाल्यावर पहिला, चार-पाच अवघड स्क्रीन दोन्ही मोडमध्ये दाखवल्यावर दुसरा, तपासणी पूर्ण झाल्यावर शेवटचा. अवघड स्क्रीन तुम्ही निवडा, म्हणजे आलेखांची, फोटोंची, लांब तक्त्यांची. लॉगिनचे पान सगळ्यांनाच जमते. एकट्याने काम करणाऱ्या डेव्हलपरची जीएसटी नोंदणी नसेल (सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर ती सहसा लागत नाही) तर बिलात जीएसटी लावता येत नाही. नोंदणी क्रमांक नसताना तो लावलेला दिसला तर बिल परत पाठवा.

आणि काम मार्चमध्ये सुरू करू नका. वर्षअखेरीच्या गडबडीत कॅशियरला कोणताच नवा रंग बघायला वेळ नसतो, आणि तपासणी त्यानेच करायची आहे. वार्षिक सभेच्या तयारीआधी, मे-जूनमध्ये, आधी दहा-वीस सभासदांना वापरू द्या, मग सगळ्यांना.