रस्ता नसलेल्या गावचा विमानतळ

मुलांनो, तुम्हांला परगावी जायचे असेल तर तुम्ही काय करता? एस. टी. स्टँडवर जाता, नाहीतर रेल्वे स्टेशनवर. एक गाडी चुकली, तर दुसरी मिळते. पण ज्या गावाला बाहेरून एकही रस्ता येत नाही आणि रेल्वेही नाही, तेथील माणसांनी काय करावे? त्यांना विमानतळाचाच आधार. तुम्ही घरी ज्याला ‘हवाई अड्डा’ म्हणता, त्यालाच मराठीत विमानतळ म्हणतात.

असे एक गाव अमेरिकेच्या अलास्का राज्यात आहे. नकाशा उघडा आणि अलास्काच्या अगदी वरच्या टोकावर बोट ठेवा. तेथे आर्क्टिक महासागराच्या किनाऱ्यावर उत्कियाग्विक हे गाव आहे. जुन्या नकाशात तुम्हांला त्याचे नाव ‘बॅरो’ असे दिसेल. २०१६ साली गावकऱ्यांनी मतदान करून आपल्या भाषेतील नाव परत घेतले. वस्ती पाच हजारांच्या आसपास. त्यांत इनुपियाट लोक अधिक. देवमासा आणि सील यांची शिकार ते पिढ्यान्पिढ्या करीत आले आहेत.

अँकोरेज हे अलास्कातील सर्वांत मोठे शहर येथून सुमारे ११५० किलोमीटर दूर आहे. मुंबईहून दिल्लीला विमानाने जितके अंतर पडते, जवळजवळ तितकेच! वर्षातील बरेच महिने समुद्र गोठलेला असतो. उन्हाळ्यात बर्फ हटला की मालवाहू जहाजे येतात आणि इंधन, मोटारी, बांधकामाचे सामान उतरवून जातात. मग जानेवारीत दूध, अंडी, फळे कोठून येणार? टपाल कसे येणार? सारे विमानाने. म्हणून दुकानात प्रत्येक वस्तू महाग असते.

गावात रुग्णालय आहे. परंतु मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रोग्याला विमानानेच अँकोरेजला न्यावे लागते. अशा वेळी सर्वांचे डोळे आकाशाकडे लागतात. हवा स्वच्छ असली तर बरे. उन्हाळ्यात समुद्रावरून दाट धुके येते, हिवाळ्यात बर्फाची वादळे होतात. धावपट्टी दिसली नाही, तर आलेले विमान न उतरता मागे फिरते. दुसरी एस. टी. पकडावी, तसे येथे करता येत नाही.

या गावात नोव्हेंबरच्या मध्यानंतर सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. विमाने दिव्यांच्या उजेडात उतरतात. मे महिन्यात उलट होते. मग ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य मावळत नाही. जमिनीची तऱ्हाही निराळी. वरचा थोडासा थर सोडला, तर खाली ती बारा महिने गोठलेली असते. ती वितळली की खचते. म्हणून घरे खांबांवर उभारतात. पण धावपट्टी खांबांवर कशी उभारणार? ती जमिनीवरच हवी. सुमारे २ किलोमीटर लांबीची ही एकच धावपट्टी सतत सांभाळावी लागते.

विमानतळाच्या नावामागे एक दुःखद हकिगत आहे. वायली पोस्ट हा अमेरिकेचा नामवंत वैमानिक. तेलाच्या विहिरीवर काम करताना त्याचा एक डोळा गेला होता. तरी १९३३ साली त्याने एकट्याने विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. विल रॉजर्स हा त्याचा मित्र, लोकांना खळखळून हसवणारा लेखक व नट. १५ ऑगस्ट १९३५ रोजी दोघे बॅरोकडे निघाले. धुक्यात वाट चुकली. पाण्यावर उतरू शकणारे त्यांचे विमान एका खाडीत उतरले. तेथे शिकारीसाठी आलेल्या इनुपियाट कुटुंबाला त्यांनी वाट विचारली आणि पुन्हा उड्डाण केले. थोडे वर जाताच इंजिन बंद पडले. विमान पाण्यात कोसळले. दोघेही मरण पावले.

हे सारे क्लेअर ओक्पीहा या शिकाऱ्याने डोळ्यांनी पाहिले. त्याने हाका मारल्या, पण उत्तर आले नाही. तेव्हा ना फोन, ना रस्ता. तो ओल्या, दलदलीच्या माळावरून सुमारे २० किलोमीटर धावत गेला आणि त्याने बॅरोला बातमी दिली. तेथूनच ती जगभर गेली.

विमानतळाला पुढे पोस्ट आणि रॉजर्स यांची नावे देण्यात आली. धावत आलेल्या ओक्पीहाचे नाव मात्र त्यात नाही.