कमर्शियल दारांचं काम घ्यायचंय? आधी ओपनिंग वाचायला शिका



गेल्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न सगळ्यात जास्त आला. "सर, घराच्या दाराचं, कडी-कोयंड्याचं गिऱ्हाईक येतं. पण हॉस्पिटल, लॉज, मंगल कार्यालय, शाळा यांची ऑर्डर कशी घ्यायची?"

ऑर्डर घेणं अवघड नाही. घेतलेली ऑर्डर नफ्यात पूर्ण करणं अवघड आहे. मी स्वतः पहिल्याच मोठ्या ऑर्डरमध्ये हात पोळून घेतलेत. आजचा धडा तिथूनच सुरू करू. वही-पेन घेऊन बसा.

माझी पहिली चूक

दुकान सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. आमच्याच भागातल्या एका छोट्या हॉस्पिटलची ११ दारांची ऑर्डर मिळाली. मी खुश. दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन गेलो, चौकटीची मापं घेतली आणि लगेच माल मागवला. चौकटी बसल्या होत्या, प्लास्टर झालं होतं. फरशी मात्र बाकी होती, आणि त्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

माल आला तोपर्यंत फरशी बसली होती. खालचा माल आणि टाइल धरून जमीन ६५ मिमी वर आली होती. एकही दार बसेना. सुतार म्हणाला, "शेठ, खालून कापू." फ्लश डोअरच्या आत कडेने लाकडी पट्टी असते. एवढं कापलं की ती पट्टीच जाते आणि आतला भराव उघडा पडतो. कंपनीने सांगितलं, कापलं तर वॉरंटी नाही. त्यात चार दारांची कुलपं उलट्या हाताची निघाली. शेवटी सगळा हिशोब केला तेव्हा ३८ हजार रुपये माझ्या खिशातून गेले होते.

हॉस्पिटलवाल्यांची चूक नव्हती. गवंड्याचीही नव्हती. मी दार विकत होतो. दार जिथे बसणार, ती जागा मी वाचलीच नव्हती.

आपल्या भागात हे गिऱ्हाईक कुठे आहे?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातून पुणे-नाशिक महामार्ग जातो. मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही त्यावरची आपली मोठी बाजारपेठ. गाळे, हॉटेलं, बँका, पतसंस्था, हॉस्पिटलं सगळी या पट्ट्यात. ओझर आणि लेण्याद्री, अष्टविनायकातले दोन गणपती जुन्नर तालुक्यात, त्यामुळे लॉज आणि भक्तनिवास. शिवनेरी आहेच. २०१८ मध्ये राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं, त्यानंतर कृषी पर्यटन आणि रिसॉर्टकडे बरेच जण वळले. शिवाय भाजीपाल्याची गोदामं, दूध संकलन केंद्रं, पोल्ट्री. बिबट्यामुळे गोठ्याला बंदिस्त जाळीचं दार करून घेणारे शेतकरी तर जवळजवळ प्रत्येक गावात आहेत.

माल बाहेरून येतो. कुलपं अलिगढची, बिजागऱ्या आणि हँडल बहुतेक राजकोटची, प्लाय आणि फ्लश डोअर यमुनानगरकडची. आपण तो पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून किंवा डीलरकडून उचलतो. मग पुण्यापेक्षा स्वस्त आपण देऊ शकतो का? नाही. भावावर पुण्याशी लढू नका. आपली ताकद एकच: आपण साइटवर अर्ध्या तासात पोचतो. त्या अर्ध्या तासाचा उपयोग ओपनिंग नीट वाचायला करा.

ओपनिंग वाचायचे सात प्रश्न

प्रत्येक दाराला वहीत एक वेगळं पान. दाराला नंबर द्या, तोच नंबर चौकटीवर खडूने लिहा. मग हे सात प्रश्न:

१. फरशी झाली का? झाली नसेल तर पल्ल्याचं माप घ्यायचं नाही. फार घाई असेल तर तयार फरशीची लेव्हल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

२. रुंदी तीन ठिकाणी (वर, मध्ये, खाली) आणि उंची दोन्ही बाजूंना घेतली का? सगळ्यात कमी येईल ते माप धरायचं.

३. चौकट गुण्यात आहे का? दोन्ही कर्ण मोजा. फरक आला तर चौकट तिरकी आहे. ते आजच मालकाला दाखवा. दार बसल्यावर दाखवलं तर दोष तुमच्यावर येतो.

४. दार कुठल्या बाजूला उघडणार? "लेफ्ट-राइट" असं फोनवर कधीच सांगू नका. प्रत्येक कंपनीची डावी-उजवी मोजायची पद्धत वेगळी असू शकते. वरून पाहिल्यासारखं चित्र काढा, बिजागरीची बाजू दाखवा, उघडण्याचा बाण काढा, त्याचा फोटो पाठवा. माझी ती चार कुलपं याच एका शब्दामुळे उलटी आली होती.

५. दिवसातून किती वेळा उघडणार? स्टोअररूमचं दार दोनदा उघडतं, ओपीडीचं दोनशे वेळा. दोघांना एकच बिजागरी देऊ नका. सात फुटी दाराला तीन बिजागऱ्या, जड दाराला चार.

६. पाणी आणि पाऊस कुठून येतो? भीमाशंकर, आहुपे, नाणेघाटाकडच्या पट्ट्यात पावसाळा कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. तिथे लाकूड फुगतं. पल्ल्याची वरची आणि खालची कड रंगवायची राहून जाते आणि पाणी तिथूनच शिरतं. दार टांगण्याआधी सहाही बाजू रंगवून घ्या. बाथरूमला लाकडी चौकट देऊच नका.

७. आग लागली तर माणसं या दारातून बाहेर पडणार आहेत का? हा प्रश्न शेवटी लिहिलाय, पण सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्याबद्दल खाली सविस्तर.

दोन वस्तू, ज्यांच्या तक्रारी सगळ्यात जास्त येतात

पहिली, डोअर क्लोजर. "तुमचा क्लोजर खराब निघाला" असा फोन येतो. दहापैकी सात-आठ वेळा माझ्या अनुभवात क्लोजर चांगला असतो, साइझ चुकलेला असतो किंवा सेटिंग केलेलं नसतं. क्लोजरवर नंबर असतो. युरोपीय मानकाप्रमाणे ३ नंबर म्हणजे ९५० मिमी रुंदी आणि ६० किलोपर्यंतचं दार. ४ नंबर म्हणजे ११०० मिमी आणि ८० किलोपर्यंत. बाजूला साधारण दोन स्क्रू असतात. एक दार बंद होण्याचा वेग ठरवतो, दुसरा शेवटच्या काही इंचांत लॅच नीट लागावं म्हणून. हे सेटिंग स्वतः शिका. स्क्रू पूर्ण बाहेर काढू नका, तेल गळतं आणि मग क्लोजर खरंच खराब होतो.

दुसरी, रोलिंग शटर. इथे भांडण गेजवरून होतं. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. १८ गेज साधारण १.२ मिमी, २० गेज साधारण ०.९ मिमी. कोटेशनमध्ये गेजसोबत मिमी पण लिहा. भाव चौरस फुटावर असतो, आणि वर गुंडाळल्या जाणाऱ्या भागाची उंची मापात धरायची की नाही हे आधीच लिहून ठेवा. गाळा रुंद असेल तर बेअरिंग किंवा गिअरचं शटर सुचवा. सकाळी एकट्याने उचलताना मालकाची कंबर गेली, तर शिव्या तुम्हालाच बसणार.

बाहेर पडायचं दार

एका मंगल कार्यालयाचं काम आलं होतं. मालक चांगला माणूस. म्हणाला, "मागच्या दाराला बाहेरून मोठं कुलूप लावा. पोरं फुकट जेवायला घुसतात."

मी त्यांना दिल्लीच्या उपहार सिनेमाची गोष्ट सांगितली. १३ जून १९९७ ला तिथे आग लागली आणि ५९ माणसं गेली. बाल्कनीतून बाहेर पडायचे रस्ते अडवलेले आणि बंद होते, म्हणून लोक धुरात अडकले.

मग दुसरी गोष्ट, आपल्या धंद्यातली. ३० डिसेंबर १९०३ ला शिकागोच्या इरोक्वाय नाट्यगृहात आग लागली. ६०० हून जास्त लोक मेले. कार्ल प्रिंझलर नावाचा एक माणूस त्या खेळाला जाणार होता, कामामुळे जाऊ शकला नाही. तो कोण होता? हार्डवेअरचा सेल्समन, तुमच्या-माझ्यासारखा. त्याच्या डोक्यातून ते बंद दरवाजे जाईनात. त्याने एका इंजिनिअरला सोबत घेतलं आणि १९०८ मध्ये त्यांचा पॅनिक बार बाजारात आला. म्हणजे दारावरची आडवी दांडी. आतून गर्दीने नुसती ढकलली तरी दार उघडतं, बाहेरून मात्र बंद राहतं.

मालकाला जे हवं होतं तेच हे होतं. फुकटे बाहेर, पाहुणे सुरक्षित. त्यांनी कुलपाच्या कितीतरी पट पैसे देऊन दोन पॅनिक बार बसवले. लग्नाच्या दिवशी तिथे हजारभर माणसं असतात. त्या दाराला मी कुलूप लावून आलो असतो, तर मला झोप लागली नसती.

राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) काय सांगते ते पाठ करा. बाहेर पडायचं दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. रुंदी कमीत कमी १००० मिमी, आणि जिथे मोठा जमाव असतो अशा इमारतीत २००० मिमी. उंची कमीत कमी २००० मिमी.

फायर डोअर मागितलं तर IS ३६१४ प्रमाणे तपासलेलं, टेस्ट सर्टिफिकेट असलेलंच द्या. साध्या फ्लश डोअरला पत्रा मारून "फायर डोअर" म्हणून विकू नका. तपासणी पल्ला, चौकट, बिजागरी, कुलूप या सगळ्यांची एकत्र झालेली असते. नंतर सुताराने त्यात नवं भोक पाडलं किंवा कुलूप बदललं, तर त्या सर्टिफिकेटला अर्थ उरत नाही. आणि महाराष्ट्राच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत द्यायचा फॉर्म-बी फक्त परवानाधारक एजन्सीच देऊ शकते. आपण दुकानदार आहोत, तिथे सही करायची नाही.

नफा खरंच किती?

आकडे फक्त उदाहरणासाठी, जीएसटी सोडून. एक दार, सगळ्या हार्डवेअरसकट:

खरेदी ८,००० रुपये, विक्री १०,०००. तुम्ही म्हणाल दोन हजार सुटले. आता वजा करा:

- गाडीभाडं: २५०
- फिटिंग मजुरी: ६००
- नंतर दोन चकरा: ३००
- तीन महिने उधारी, महिना दीड टक्क्याने ८,००० वर: ३६०

एकूण १,५१० गेले. हातात ४९० राहिले, म्हणजे विक्रीच्या पाच टक्केसुद्धा नाही. आणि एक दार चुकीच्या मापाचं आलं, तर सोळा-सतरा दारांचा नफा त्यात जातो. म्हणून फिटिंग आणि वाहतूक कोटेशनमध्ये वेगळी ओळ म्हणून दाखवा. "त्यातच बघा ना" म्हटलं की हसून नाही म्हणायला शिका.

उधारी आणि कागद

मी आता असं ठेवतो: ऑर्डरला ५० टक्के, माल साइटवर उतरताना ४०, फिटिंग झाल्यावर १०. मापाच्या पानावर मालकाची किंवा इंजिनिअरची सही झाल्याशिवाय माल मागवत नाही. ओळखीच्या माणसाकडूनही सही घेतो. खरं तर ओळखीच्या माणसाकडून आधी घेतो.

"उद्यम नोंदणी केली की ४५ दिवसांत पैसे मिळतात" असं सांगणारे व्हिडिओ खूप आहेत. पूर्ण ऐका. व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. उशिरा पेमेंटचं संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, नुसता माल घेऊन विकणाऱ्याला नाही. त्यामुळे आपलं संरक्षण म्हणजे ॲडव्हान्स.

जीएसटीतही एक खाच आहे. राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. सेवा आली की मर्यादा २० लाखांवर येते. तुम्ही फिटिंगसकट काम घेत असाल, तर तुमचं काम कशात बसतं हे पहिल्या ऑर्डरआधी सीएला विचारा.

या आठवड्याचा गृहपाठ

आपल्या गावातली पाच दारं निवडा. एक बँक किंवा पतसंस्था, एक दवाखाना, एक हॉटेल, एक शाळा, एक कार्यालय. परवानगी घेऊन वरचे सात प्रश्न प्रत्येक दाराला लावा. पाचपैकी किती दारं बाहेरच्या बाजूला उघडतात, आणि किती आतून किल्लीशिवाय उघडतात, हे मला कमेंटमध्ये लिहा.

कुणाचं दार घासत असेल, क्लोजर आपटत असेल, तर तिथेच स्क्रू फिरवून नीट करून द्या. पैसे मागू नका. माझी मंगल कार्यालयाची ऑर्डर अशाच एका फुकट फिरवलेल्या स्क्रूतून आली होती.

पुढच्या व्हिडिओत कोटेशन कसं लिहायचं ते बघू. तोपर्यंत टेप खिशात ठेवा!